लोकवन, तांबेरा आणि विहिरीजवळचे दहा गुंठे

15 जानेवारी 2022, संक्रांतीचा दुसरा दिवस. पहाटे गव्हाला पाणी द्यायला, दारं धरायला गेलो होतो. त्या आठवड्यात आमच्याकडे शेतीच्या मोटारीला रात्रीची लाइट होती. दहिवर, म्हणजे दव, इतकं पडलं होतं की दोन साऱ्यांतून, म्हणजे गव्हाच्या लांब वाफ्यांतून, चालत गेलो तर पायजमा गुडघ्यापर्यंत चिंब झाला. घरी आलो, चहा घ्यायला ओट्यावर बसलो, तेव्हा आई म्हणाली, "कुठं गेरूत लोळून आलास रे?" खाली पाहिलं तर गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पांढऱ्या कापडावर तांबूस पट्टे उमटले होते. हाताने झटकले, तर ते गेले नाहीत, उलट पसरले.

चहा तसाच ठेवून परत शेतात गेलो. उन्हं वर आली होती. गहू सत्तावन्न-अठ्ठावन्न दिवसांचा होता, निम्म्याहून जास्त निसवला होता, म्हणजे ओंब्या बाहेर पडल्या होत्या. वरून बघणाऱ्याला हेवा वाटावा असं हिरवंगार रान. वाकून बुडाकडची पानं उलगडली, तर खालून दुसऱ्या-तिसऱ्या पानावर मोहरीहूनही बारीक, नारिंगी-तपकिरी पुटकुळ्या होत्या. शेकड्याने होत्या, कुठे ओळीत नाही, नुसत्या विखुरलेल्या. एका पुटकुळीकडे डोळा लावून पाहिलं तर पानाची साल तिथे फाटून वर आली होती आणि आतून पूड बाहेर पडत होती. बोट फिरवलं, बोट तांबडं झालं. तांबेरा, गव्हावरचा बुरशीचा रोग. लहानपणी आबांच्या तोंडून हा शब्द ऐकला होता; माझ्या स्वतःच्या रानात तो मी पहिल्यांदाच पाहत होतो.

आमचं शेत निफाड तालुक्यात. काळी जमीन, विहिरीचं पाणी, थोडं पाटाचं. द्राक्ष आणि कांदा ही पैशाची पिकं. गहू दोन एकर, घरच्या खाण्यासाठी आणि उरला तर विकायला. त्यामुळे द्राक्षबागेत पानावर एक डाग दिसला की धावत सुटणारे आम्ही, गव्हाकडे मात्र पेरणीनंतर फक्त पाणी आणि युरिया द्यायला जायचो. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातून झालं.

त्या वर्षी पेरणी 18 नोव्हेंबरला झाली होती. बियाणं घरचं, लोकवन. ज्याला आपण लोकवन म्हणतो तो मुळात लोक-1, गुजरातेत भावनगर जिल्ह्यातल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत निघालेला वाण. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तो आला आणि महाराष्ट्रात असा रुजला की आज किराणा दुकानात गव्हाच्या पोत्यावर दुसरं नाव असलं तरी गिऱ्हाईक 'लोकवन आहे का' असंच विचारतं. टपोरा दाणा, पोळी मऊ, पेरणी थोडी मागेपुढे झाली तरी चालतं. आमच्या घरात चाळीस वर्षं दुसरा गहू शिरलेला नव्हता. पण तांबेऱ्यापुढे तो आता टिकत नाही, हे मला माहीत नव्हतं.

पेरणी झाली आणि डिसेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत अवकाळी कोसळला. द्राक्षवाल्यांना ते दोन दिवस अजून आठवत असतील. आमचं सगळं लक्ष बागेकडे होतं, गहू तर पावसाने खुश दिसत होता. पुढे ढगाळ हवा, थंडी, पहाटेचं दव. त्यात मी युरिया सढळ हाताने टाकला. शिफारस एकरी साधारण दोन गोण्यांची, तीही अर्धी पेरताना आणि अर्धी तीन आठवड्यांनी. मी साडेतीन गोण्या टाकल्या, शेवटची तर गहू पोटरीत असताना, म्हणजे ओंबी बाहेर पडायच्या तोंडावर. गहू कमरेपर्यंत लागला आणि इतका दाट झाला की दहा वाजेपर्यंत आतली पानं ओली राहायची. तांबेऱ्याच्या बीजकणाला रुजायला पानावर सहा-आठ तास ओल आणि पंधरा ते पंचवीस अंशांची हवा पुरते. एकदा तो पानात शिरला की आठ-दहा दिवसांत त्याच जागी नवी पुटकुळी फुटते, आणि तिच्यातले हजारो कण वाऱ्यावर पुढच्या पानावर जाऊन बसतात. हा हिशेब मला तेव्हा कळला असता तर पुढचे आठ दिवस मी घालवले नसते.

घालवले ते असे. चार पानं खिशात घालून औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने पानं बघितली न बघितली आणि एक बुरशीनाशक, एक विद्राव्य खत आणि एक टॉनिकची बाटली काउंटरवर ठेवली. "सगळं एकत्र मारा, गहू काळा होईल," म्हणाला. काळा म्हणजे हिरवागार, आमच्याकडे असंच बोलतात. घरी येऊन वाचलं तर बुरशीनाशक म्हणजे नुसतं मॅन्कोझेब होतं. ते वाईट औषध नाही. पानावर त्याचा थर बसला की नवा कण रुजत नाही. पण जो कण आत शिरून बसला आहे त्याला ते हात लावू शकत नाही, कारण ते पानाच्या आत जातच नाही. माझ्या गव्हात तांबेरा आत शिरून, वाढून, बाहेर फुटून मोकळा झाला होता.

शिवाय मारलं तेही चुकीचं. दोन एकरांना मिळून बारा पंप, म्हणजे एकराला सहा. पंधरा लिटरच्या पंपाने एकराला तेरा पंप तरी लागतात, तेव्हा कुठे दोनशे लिटर पाणी होतं. दाट गव्हात कमी पाणी मारलं की वरची पानं भिजतात आणि रोग असतो तो खाली. त्यात दुपारी वारा सुटला होता. आठ दिवसांनी पाहिलं तर तांबेरा ओंबीखालच्या पानावर चढला होता.

गव्हाचं ते शेवटचं पान फार मोलाचं. दाण्यात जे भरतं त्याचा मोठा वाटा तेच पान तयार करतं. बुडाची दोन पानं वाळली तर गहू सहन करतो; हे पान गेलं तर दाणा चिमटतो.

24 जानेवारीला सकाळी ती पानं वर्तमानपत्रात गुंडाळून मी कुंदेवाडीला, कृषी संशोधन केंद्रात गेलो. राहुरी कृषी विद्यापीठाचं गव्हाचं काम तिथे चालतं. त्र्यंबक, तपोवन, गोदावरी, नेत्रावती, फुले समाधान हे वाण तिथलेच. माझ्या घरापासून मोटारसायकलवर पंचवीस मिनिटं. इतकी वर्षं थंडीचा आकडा कुंदेवाडीचा म्हणून पेपरात वाचत होतो, पण गव्हाचं काही विचारायला म्हणून त्या फाटकातून आत कधी गेलो नव्हतो.

तिथल्या साहेबांनी पान उन्हाकडे धरलं आणि पहिली गोष्ट विचारली ती औषधाची नाही. "वाण कोणता? आणि युरिया किती टाकला?" दोन्ही उत्तरं ऐकून ते काही बोलले नाहीत, मला केंद्रातल्याच एका प्लॉटवर घेऊन गेले. एकमेकांना लागून वेगवेगळ्या वाणांच्या ओळी. एका ओळीतली पानं माझ्या पानांसारखीच तांबडी, आणि हातभर अंतरावरच्या ओळीवर नुसते फिकट ठिपके. "यावर बोट फिरवा," म्हणाले. फिरवलं, बोट कोरडं. कण त्या पानावरही पडला होता, रुजलाही होता, पण पानाने आपल्या तेवढ्या पेशी मारून टाकून त्याची वाट बंद केली होती. पूड सुटायची वेळच आली नाही. तेच वारं, तेच दहिवर, हातभर अंतर. माझ्या मनात वाणाचा विषय तिथे पहिल्यांदा घुसला.

औषध त्यांनी साधं सांगितलं. प्रोपिकोनॅझोल 25 टक्के ईसी, लिटरला एक मिली, एकरी दोनशे लिटर पाण्यातून. हे पानाच्या आत शिरतं आणि आतल्या बुरशीची वाढ थांबवतं. त्यात खत, टॉनिक काहीही मिसळायचं नाही. तणनाशकाचा पंप वापरायचा नाही, किंवा धुऊन धुऊन वापरायचा. बारीक फवाऱ्याचं नोझल लावायचं आणि दहिवर उडाल्यावर, वारा सुटायच्या आत उरकायचं. आणि त्यांनी आणखी एक सांगितलं, ज्याच्यामुळे मी पुढे घाबरलो नाही: "डाग जाणार नाहीत. डाग बघून औषध लागू पडलं की नाही ते ठरवू नका."

त्याच दिवशी औषध आणलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि धाकटा भाऊ दोन चार्जिंगचे पंप घेऊन उतरलो. हातात मोजे, तोंडाला फडकं, अंगात पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट. या वेळी नोझल ओंबीवरून न फिरवता थोडं आत घालून तिरकं धरत गेलो. हाताला रग लागते, पण खालची पानं भिजतात. तेविसावा पंप संपला आणि दोन्ही बॅटऱ्या बसल्या. बांधाकडेचे चार सारे राहिले. दुसऱ्या दिवशी बागेत मजूर आले, तिसऱ्या दिवशी आणखी काही, ते सारे राहिले ते राहिलेच. तेव्हा हळहळ वाटली. पुढे त्या चार साऱ्यांनीच मला सगळ्यात जास्त शिकवलं.

पाचव्या-सहाव्या दिवशी पाहिलं तर पानं आधीसारखीच डागाळलेली. भाऊ म्हणाला, "दादा, हे पण वाया गेलं." मी बोट फिरवलं. काही लागलं नाही. पुटकुळ्या काळपट होऊन सुकल्या होत्या. बांधाकडच्या साऱ्यात जाऊन बोट फिरवलं, तर पेर तांबडं झालं. मग आम्ही दोघेही बराच वेळ नुसते पानांवर बोटं फिरवत एका साऱ्यातून दुसऱ्या साऱ्यात हिंडत होतो.

फवारणीनंतर काढणीपर्यंत निदान महिना जायला हवा, एवढं लेबल वाचून आम्ही पाळलं. पण लेबलावर सगळं येत नाही. त्या दिवसांत माझा पुतण्या गव्हाच्या ओंब्या भाजून खायला घेऊन आला, तेव्हा वहिनीने त्याच्या हातून त्या काढून घेतल्या. बांधावरचं फवाऱ्यात भिजलेलं गवतही आम्ही म्हशीला टाकलं नाही.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात काढणी झाली. बांधाकडचे चार सारे मी विळ्याने वेगळे कापून घेतले आणि मळणीही वेगळी करून घेतली. घरी तेलाचा पंधरा लिटरचा जुना डबा आहे, आई त्यानेच धान्य मोजते. फवारलेल्या गव्हाने तो काठोकाठ भरला, फळीने सपाट केला आणि काट्यावर ठेवला. निव्वळ गहू 11 किलो 700 ग्रॅम. मग न फवारलेला भरला. 10 किलो 400 ग्रॅम. तोच डबा, तीच फळी. सव्वा किलोहून जास्त फरक फक्त दाण्याच्या पोकळपणाचा होता. साऱ्यात दाणेच कमी भरले तो फरक आणखी वेगळा. मूठभर घेऊन बघितलं तर दाण्याच्या पोटावरची चीर खोल गेलेली, साल सुरकुतलेली. दोन एकरांचा औषधाचा आणि मजुरीचा खर्च एका क्विंटल गव्हाच्या किमतीत सहज बसला होता.

पण जानेवारीतले ते आठ दिवस परत मिळाले नाहीत. फवारलेल्या भागातही उतारा नेहमीपेक्षा कमीच आला.

उन्हाळ्यात मी वाचायला बसलो. आपल्याकडे गव्हावर दोन तांबेरे येतात. पानावरचा नारिंगी-तपकिरी, जो मी पाहिला. आणि खोडावरचा काळा, ज्याच्या पुटकुळ्या लांबट, विटकरी असतात, कडेने साल फाटून लोंबते आणि शेवटी त्या काळ्या पडतात. पिवळा तांबेरा उत्तरेतल्या थंडीतला, आपल्या हवेत तो टिकत नाही. मला प्रश्न पडला होता की आपल्या कडक उन्हाळ्यात शेतात गव्हाचं पान नसतं, मग ही बुरशी जगते कुठे? याचं उत्तर आग्र्याच्या डॉ. करमचंद मेहता यांनी शोधलं. सुमारे शंभर वर्षांपूर्वी त्यांनी या कामाला हात घातला आणि दाखवून दिलं की सपाटीवर तांबेरा उन्हाळ्यात मरतो, तो जगतो डोंगरांत. काळा तांबेरा दक्षिणेत निलगिरी-पळणीच्या डोंगरांत, आणि पानावरचा हिमालयातही व निलगिरीतही. तिथून तो दरवर्षी वाऱ्यावर खाली येतो. नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात वादळं होतात, तेव्हा त्यांच्या ढगांबरोबर दक्षिणेतले कण मध्य भारतापर्यंत येतात आणि पावसाबरोबर पिकावर उतरतात. माझ्या पायजम्यावर जी पूड होती तिचे पूर्वज कुठल्या तरी डोंगरातून निघालेले होते, हे वाचल्यावर मी वरकरणी साध्या दिसणाऱ्या ढगाकडेही वेगळ्या नजरेने बघायला लागलो. आपल्या महाबळेश्वरला याच रोगासाठी राहुरी विद्यापीठाचं गहू गेरवा संशोधन केंद्र आहे; गेरवा म्हणजे तांबेराच. तिथल्या थंड, धुकट हवेत मुद्दाम रोग लावून कोणता वाण टिकतो ते बघतात. आम्ही दोनदा महाबळेश्वरला गेलो होतो, स्ट्रॉबेरी खाऊन आलो.

वाणाचं ठरवताना घरात रीतसर वाद झाला. मला फुले समाधान घ्यायचा होता: तांबेऱ्याला प्रतिकारक आणि वेळेवर पेरा की उशिरा, दोन्हीला चालतो. कांदा किंवा सोयाबीन निघायला उशीर झाला तर आमची पेरणी हमखास पुढे जाते, त्यामुळे हे मोलाचं. पुण्याच्या आघारकर संस्थेचे एमएसीएस 6222 आणि एमएसीएस 6478 हेही वाण मनात होते, पण बियाणं जवळ मिळतं ते कुंदेवाडीचं. आईचं म्हणणं एकच: "पोळी लाटते मी. तुझा साहेब नाही." तिचं चुकत नव्हतं. घरी खायच्या गव्हाला रोग येत नाही एवढ्यावर तो चांगला ठरत नाही.

मग 12 नोव्हेंबर 2022 ला एक एकर लोकवन आणि एक एकर समाधान, एकाच दिवशी, एकाच पाभरीने पेरले. दोन्ही बियाण्यांना किलोला तीन ग्रॅम थायरम चोळलं. पानावर पुढे येणाऱ्या तांबेऱ्याचा त्याने बंदोबस्त होत नाही, पण बियाण्यातून येणाऱ्या करप्याला, म्हणजे पानं वाळवणाऱ्या दुसऱ्या रोगाला, आळा बसतो. युरिया मोजून दिला. पोटरीतली गोणी बंद. पाणी संध्याकाळऐवजी सकाळी सोडायचं ठरवलं; लाइट आपल्या हातात नसते, जमलं तेवढं जमलं.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात लोकवनवर पहिल्या पुटकुळ्या दिसल्या. या वेळी बुडाच्या पानावरच, झाडाला दोन-तीन. दुसऱ्याच दिवशी प्रोपिकोनॅझोल मारलं, तेरा पंप, एकही सारा सोडला नाही. ओंबीखालचं पान शेवटपर्यंत स्वच्छ राहिलं. पलीकडे समाधानवर बोट फिरवून फिरवून थकलो, बोट कोरडंच. त्याला तांबेऱ्याची फवारणी लागलीच नाही.

मी निर्धास्त झालो आणि तिथेच चुकलो. फेब्रुवारीत हवा तापायला लागली, दोन दिवस ढग आले आणि समाधानच्या खालच्या पानांवर लांबट, तपकिरी, कडेला पिवळी झाक असलेले डाग आले. बोटाला काही लागत नव्हतं म्हणून आधी दुर्लक्ष केलं. तो करपा होता. करप्याच्या डागावर पूड नसते, डाग पसरत एकमेकांत मिसळतात आणि पान टोकाकडून वाळतं. वाण तांबेऱ्याला प्रतिकारक आहे म्हणजे तांबेऱ्याला आहे, सगळ्या रोगांना नाही, हे माझ्या डोक्यात बसलं नव्हतं. त्या वेळी मॅन्कोझेब मारलं, तीस ग्रॅम दहा लिटरला. आदल्या वर्षी वेळ चुकवून वापरलेलं औषध या वेळी वेळेत पडलं, कारण वरची पानं अजून स्वच्छ होती.

उतारा समाधानचा एकरी साडेसतरा क्विंटल आला, लोकवनचा पंधरा. आमच्या रानातला एका वर्षाचा आकडा आहे, त्यावरून कुणी पेरणी ठरवू नये.

आता पोळीचं. आईने दोन्ही पिठं एकाच दिवशी मळली. समाधानचं पीठ पाणी जास्त पितं, असं ती म्हणाली; अर्धा तास जास्त मुरू दिलं. पोळी फुगली. दुपारी गार झाल्यावर तिने दोन्ही पोळ्या डोळे मिटून दुमडून बघितल्या आणि लोकवनची ओळखली. "ही मऊ. पण ती वाईट नाही," म्हणाली. आमच्या घरात एखाद्या नव्या गव्हाला याहून मोठं सर्टिफिकेट मिळणार नाही.

तेव्हापासून व्यवस्था अशी आहे. पावणेदोन एकरांत समाधान, आणि विहिरीजवळचे दहा गुंठे आईसाठी लोकवन. समाधानचं बियाणं दर तीन वर्षांनी नवीन आणतो, मधल्या दोन वर्षांत घरचंच चाळून ठेवतो. गहू स्वपरागी आहे, म्हणजे त्याच्या फुलाला स्वतःचेच पराग पुरतात, त्यामुळे ते चालतं. आणि बुरशी बदलत राहते, हेही आता डोक्यात पक्कं आहे; आज जो वाण तिला दाद देत नाही तो उद्याही देणार नाही असं नाही, लोकवनचं तेच झालं. म्हणून शेजारच्या काकांना मी वेगळा वाण घ्यायला लावला. सगळ्या शिवारात एकच वाण असला आणि त्यालाच खाणारी बुरशी आली, तर मग बांधावरून पलीकडे जायला तिला एक रात्र पुरते.

ते दहा गुंठे माझ्या फार कामाचे झाले आहेत. तांबेरा येणार असेल तर तो आधी तिथे दिसतो. नाताळ उलटला की एक दिवसाआड सकाळी मी विहिरीवर मोटार चालू करायला जातो आणि जाता जाता लोकवनची बुडाची दहा-बारा पानं, वेगवेगळ्या साऱ्यांतली, खालून-वरून बोटाने पुसून बघतो. पहिली पूड दिसली की त्याच दिवशी त्या दहा गुंठ्यांवर साडेतीन पंप मारून घेतो, म्हणजे तिथली पूड पुढे कुणाच्या रानात जायची नाही. गेल्या वर्षी एकदाच मारावं लागलं. पुतण्या आता दहावीला आहे, तोही बरोबर येतो आणि माझ्याआधी त्यालाच दिसते. परवा त्याने एक पान आणून दाखवलं, त्यावर पिवळट ठिपके होते. मी बोट पुढे केलं तर तो म्हणाला, "काका, मी बघितलंय. मावा आहे, चिकट लागतं."